जमीन हलायच्या आधी

भाची शिकायला म्हणून मामाकडे राहायला आली, तेव्हा मामाला पहिला प्रश्न पडला तो तिच्या विषयाचा. चार वर्षं शाळेत खेळाची बाई म्हणून शिट्ट्या फुंकून झाल्यावर तिने नोकरी सोडली होती आणि व्यायामशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं होतं. घरात तिचं नावच 'शिट्टी' पडलं होतं.

"शिट्टे, तू नेमकं शिकणार काय?" मामाने विचारलं.

"साठीच्या पुढची माणसं तोल कसा सांभाळतात ते. थोडक्यात, माणूस उभा कसा राहतो."

मामा स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, "अगं, ऐकलंस का? वर्षाचं पोर पलंगाला धरून जे शिकतं, त्याला हिच्या कॉलेजात दोन वर्षं लागतात."

मामी आतून म्हणाली, "तुम्हीच जा तिच्याकडे आधी शिकायला. परवा दिवाणखान्यात सपाट फरशीवर धडपडलात ते विसरलात वाटतं."

ते खरं होतं. एकतीस वर्षं मामा शहर बसमध्ये कंडक्टर होता. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत त्याचं कशातच मन रमलं नव्हतं. त्यात अलीकडे तो चालताना हेलकावे घ्यायचा. भिंतीला हात लावत लावत जायचा आणि कोणी पाहिलं की भिंतीवरची धूळ पुसल्यासारखं करायचा.

भाचीची प्रयोगशाळा कॉलेजच्या तळमजल्यावर, जुन्या कोठीच्या खोलीत होती. खोलीच्या मधोमध जमिनीत बसवलेली एक लोखंडी फळी होती. दोन पावलं मावतील, वर थोडी जागा उरेल, एवढीच. तिच्यावर माणूस उभा करायचा, छतावरून लोंबणारा पट्टा त्याच्या छातीला बांधायचा, म्हणजे पडला तरी लागायला नको. पोटरीवर आणि नडगीवर तारा लावलेल्या चकत्या चिकटवायच्या. मग फळी अचानक चार बोटं पुढे किंवा मागे सरकायची. कधी सरकेल, कोणत्या बाजूला सरकेल, ते संगणक ठरवायचा. भाचीलाही माहीत नसायचं. पायाचा स्नायू किती वेळाने जागा झाला आणि किती जोराने ओढला गेला, त्याची रेघ पडद्यावर उमटायची; तोल किती हलला आणि फळीवर वजन कसं पडलं, त्याच्याही रेघा उमटायच्या.

माणसं मिळवता मिळवता तिच्या नाकी नऊ आले होते. एका निवृत्त हेडमास्तरांनी पट्टा बांधून घेताना आपलं मृत्युपत्र कुठल्या कपाटात आहे ते तिला सांगून ठेवलं होतं. तरी आठ महिन्यांत बावीस जण झाले. तेविसावा मामा. मामीने पाठीला लागून पाठवलेला.

आधी नुसतं स्थिर उभं राहायचं होतं, एक मिनिट. मामाची रेघ पाहून भाचीला वाईट वाटलं. लहान मुलाने पेन्सिल घेऊन गिरगटावं तशी ती इकडून तिकडे भरकटली होती. बावीस जणांत इतकी वाईट रेघ कोणाची नव्हती. मामाला पडदा दिसत नव्हता, पण भाचीचा चेहरा दिसत होता. "नापास का?" त्याने विचारलं.

"यात नापास कोणी नसतं. आता फळी हलेल. पाऊल उचलावंसं वाटलं तर उचल. पट्टा आहे."

फळी सरकली. मामा जागचा हलला नाही.

भाचीला वाटलं, फळी अडकली असणार. पण पडद्यावर फळीची रेघ चार बोटं सरकलेली होती. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, दहाव्यांदा तेच. पहिल्या झटक्याला बाकीचे सगळे एक तरी पाऊल टाकत. काही तर पट्ट्याला लोंबकळत. मामा मात्र गुडघे जरासे सैल सोडून, कोपर अंगाशी धरून, खिडकीबाहेर बघत उभा होता.

मग तिने पायाची रेघ पाहिली आणि पुन्हा पाहिली. फळी हलली की साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने स्नायू जागा होतो, हे तिला पाठ होतं. मामाचा स्नायू फळी हलायच्या आधी जागा होत होता. आणि जो व्हायला हवा तोच. फळी पुढे जाणार असेल तर नडगीचा, मागे जाणार असेल तर पोटरीचा.

तिने तारा तपासल्या, संगणक बंद करून चालू केला. पुन्हा तेच आलं. तेव्हा ती उठून मॅडमना घेऊन आली.

मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. तीस वर्षं माणसांचे पाय मोजत आलेल्या आणि बोलायला अगदी काटकसरी. त्यांनी मामाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, कानांवर जाड हेडफोन चढवले आणि आत समुद्राच्या गाजेसारखा आवाज लावला. फळी वीस वेळा सरकली. वीसही वेळा मामाचा पाय तिच्या आधी तयार होता. मॅडमनी चष्मा काढून हातात धरला आणि तो पुसायचं विसरून गेल्या.

पट्टी सोडल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्हाला कसं कळतं?"

"काय कळतं?" मामाने विचारलं. आपण काही विशेष केलं याचा त्याला पत्ताच नव्हता.

"फळी कुठे जाणार ते."

मामाने पायाकडे पाहिलं. जरा विचार करून म्हणाला, "ती आधी बोलते की. पुढे जायची असली की टाचेखाली बारीक गुदगुली होते. मागे जायची असली की चवड्याखाली. तुम्हाला नाही का होत?"

दोघी आळीपाळीने फळीवर उभ्या राहिल्या. दोघींनीही पाऊल टाकलं. मॅडमनी तर पट्टा घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपचा मिस्त्री आला. त्याने फळी उघडली आणि अर्धा दिवस तिच्याखाली डोकं घालून बसला. शेवटी मोजायचा काटा लावून त्याने दाखवलं. मोटर चालू व्हायच्या आधी ब्रेक सुटत होता आणि सुटताना फळी कणभर कलत होती. "केसाच्या निम्म्यानंसुद्धा नाही," मिस्त्री म्हणाला. "मी तळहात ठेवून बसलो होतो, मला काही कळलं नाही. तुमचे मामा आहेत कोण?"

"कंडक्टर."

"मग बरोबर," मिस्त्री म्हणाला. जणू यात आणखी समजावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

भाचीच्या मात्र खरोखरच पायाखालची जमीन सरकली. फळी आधी इशारा देत असेल तर आठ महिन्यांच्या नोंदींचं काय? चार दिवस बसून तिने बावीस जणांची रेघ न् रेघ तपासली. एकाचाही स्नायू आधी जागा झालेला नव्हता. प्रबंधात एक टीप टाकून सुटता आलं असतं. पण कोणाला कळलेलं दिसत नाही म्हणजे कोणाला कळलंच नाही, असं तिला छातीवर हात ठेवून म्हणता येईना. ती मॅडमकडे गेली आणि म्हणाली, "फळी दुरुस्त करून सगळ्यांना परत बोलावते. सहा महिने जास्त लागतील."

मॅडम म्हणाल्या, "मी सांगणार नव्हते. तू म्हणतेस का, ते बघत होते." आणि पुढचा कागद वाचायला घेतला.

फळी दुरुस्तीला गेली त्या आठवड्यात भाची मामाबरोबर बसमध्ये बसली. त्याच्या पँटच्या आत, पायाला तिने काडेपेटीएवढं नोंदणीचं यंत्र बांधलं होतं. त्याच्या जुन्या मार्गाची बस, दुपारची, अर्धी रिकामी. मामा मधल्या वाटेत उभा राहिला. कुठेही न धरता.

घरात भिंत चाचपडणारा माणूस तो हाच, यावर तिचा विश्वास बसेना. बस वळली, खड्ड्यातून गेली, ड्रायव्हरने एका सायकलवाल्यासाठी करकचून ब्रेक मारला. बसलेली माणसं पुढच्या बाकावर आपटली, एका बाईची पिशवी घरंगळत गेली. मामा वेतासारखा जरा लवला आणि सरळ झाला. पिशवी त्याने वाकून उचलली, पुन्हा कुठेही न धरता, आणि बाईच्या मांडीवर ठेवली. चेहऱ्यावर तीन वर्षांत न दिसलेली शांतता होती.

"मामा, तू हे शिकलास कुठे?"

"शिकलो कुठे? दोन्ही हातांत कामं. पंच, तिकिटं, सुट्टे. धरायला तिसरा हात कुठून आणू? पहिल्या महिन्यात सतरा वेळा पडलो. नंतर पडलो नाही, एवढंच."

संध्याकाळी तिने यंत्रातल्या नोंदी पडद्यावर काढल्या. एका फेरीत पायाच्या स्नायूंनी हजारांवर वेळा आपलं काम केलं होतं, कधी आधी, कधी नंतर, आणि मामाला त्यातलं एकही आठवत नव्हतं. असे दिवसाला आठ-आठ तास, एकतीस वर्षं. तिने हिशेब मांडायला घेतला आणि मध्येच पेन ठेवलं. शाळेत असताना पोरांना 'पाय जुळवून सरळ उभे राहा' असं ती दिवसातून पन्नासदा सांगायची. उभं राहणं म्हणजे काही न करणं, असंच तिला तेव्हा वाटत असे.

मॅडमनी मामाला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं शरीर घरातसुद्धा बसमध्येच उभं असतं, असा माझा अंदाज आहे. फरशी काही सांगत नाही, म्हणून ते शोधत राहतं. सिद्ध करून दाखवता येणार नाही मला. पण रोज दहा मिनिटं अनवाणी उभे राहा. काही करू नका. फक्त जमीन हलणार नाही, यावर विश्वास ठेवा."

"एवढंच?" मामा म्हणाला. पण उभा राहू लागला. मामी घड्याळ घेऊन समोर बसायची आणि त्याने बोलायला तोंड उघडलं की पहिल्यापासून मिनिटं मोजायची.

फळी परत आली ती तळाला रबर आणि नवा ब्रेक घेऊन. काटा लावून पाहिलं. आता ती आधी काही बोलत नव्हती. जुने बावीस जण एकेक करून परत आले, हेडमास्तरसुद्धा. मग मामाची पाळी आली. त्या दिवशी मामीही आली होती, भिंतीशी खुर्चीवर बसून होती.

पहिल्या झटक्याला मामाने पाऊल टाकलं. सगळ्यांसारखं. त्याने दचकून भाचीकडे पाहिलं. "मुकी झाली की ही," तो म्हणाला.

"हो. आता सगळ्यांना सारखंच."

दुसऱ्याला पुन्हा पाऊल. तिसऱ्याला अर्धंच. चौथ्याला टाच नुसती उचलली गेली. सहाव्या झटक्यापासून मामाचे पाय जागचे हलले नाहीत. बाकीच्यांना इथवर यायला तीस-तीस, चाळीस-चाळीस झटके लागले होते. काही जण आलेच नव्हते.

भाचीने रेघा एकाखाली एक लावल्या. स्नायू जागा व्हायचा वेळ मामाचाही तेवढाच होता, सेकंदाचा दहावा हिस्सा. पायापासून निरोप जाऊन परत यायला जितका वेळ लागायचा तितका त्यालाही लागत होता, त्यात सूट नव्हती. पण दर झटक्याला स्नायूंची ओढ कमी कमी होत, पडायला नको एवढीच उरली होती. एक कण जास्त नाही. एकसष्ट वर्षांचे पाय तिच्या डोळ्यांदेखत, पाच मिनिटांत, नवी गोष्ट शिकले होते, आणि पायांचा मालक पट्ट्यात उभा राहून 'चहा मिळेल का' असं विचारत होता.

मॅडम म्हणाल्या, "माणसाला आपण किती कमी ओळखतो." एवढं बोलणंही त्यांच्या मानाने भाषणच होतं.

शेवटी स्थिर उभं राहायचं मिनिट उरलं होतं. मामाने डोळे मिटले. रेघ निघाली ती अरुंद, सरळ. पहिल्या वेळच्या गिरगोट्यांचा मागमूस नाही. पण वजनाच्या रेघेत बारीक बारीक दाते दिसत होते, अगदी समान अंतरावर, करवतीसारखे. भाचीने चटकन फळीकडे पाहिलं. फळी पुन्हा थरथरायला लागली की काय?

मॅडमनी तिला खुणेने मामाची नाडी धरायला सांगितलं. तिने मनगटावर बोटं ठेवली आणि मान वळवून पडद्याकडे पाहिलं. बोटाखाली ठोका, पडद्यावर दाता. ठोका, दाता. ठोका, दाता.

पुस्तकात तिने हे वाचलं होतं. हृदय रक्त फेकतं, तेव्हा सगळं शरीर कणभर वर-खाली होतं आणि माणूस पुरेसा शांत उभा असेल तर ते तळपायातून खाली उतरतं. वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पाहिलं आज. मिनिट संपून गेलं तरी तिने मनगट सोडलं नाही.

"काय झालं?" मामाने डोळे उघडून विचारलं.

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. "हे तुझं हृदय आहे, मामा. पायातून आलेलं."

मामाने काही विनोद केला नाही. भिंतीकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "अगं, इकडे ये. तुझं पण बघू."

मामी उठली. तिने चपला काढून खुर्चीखाली सरकवल्या, पदर खोचला आणि फळीला नमस्कार करावा तशी क्षणभर थांबून तिच्यावर उभी राहिली.