एका विषाणूची दोन नावं

रायपूरच्या कडेला भनपुरीच्या तळ्यावर बदकं मेली, तेव्हा त्यांचे नमुने दोन प्रयोगशाळांत गेले. रायपूरच्या प्रयोगशाळेत डॉ. दीक्षा रामटेके होती. तिला नवा इन्फ्लुएन्झा सापडला. त्याच्या नावात तिनं 'बदक' आणि 'भनपुरी' लिहिलं. दुसऱ्या शहरातल्या डॉ. अभिनवनं त्याच विषाणूला 'पक्षी' आणि 'रायपूर' असं नाव दिलं. झालं, कागदावर एकाचे दोन विषाणू झाले. भनपुरीतल्या कोंबड्या आधीच मारल्या गेल्या होत्या. आता दुसरा विषाणू शहरात शिरलाय असं समजून रायपूरच्या तात्यापारा वस्तीतल्याही कोंबड्या मारायचं ठरलं.

तात्यापाऱ्यात दीक्षाची आत्या शांता राहायची. नवरा गेल्यापासून अंडी विकूनच तिचं घर चालायचं. सकाळीच तिचा फोन आला.

"दीक्षा, माह्या कोंबड्या तं धडधाकट आहेत वं! काहून मारून राहिले?"

"आत्या, मले थोडा वेळ दे. पण रोग असला तर मी काही नाही करू शकत."

"हव, रोग असंल तर न्या," आत्या म्हणाली.

दीक्षानं अभिनवला फोन लावला. दोघांनी आपापल्या विषाणूची जनुकं ताडून पाहिली. एकेक तुकडा जुळत गेला. शेवटचाही जुळला तसा अभिनव ओरडलाच, "दीदी, ये तो एक ही है!"

"मग नावही एकच पाहिजे. पण ठिकाण कोणतं लिहायचं?"

"रायपूर लिहू. सगळ्यांना कळतं."

"रायपूर लिहिलं की अख्खं शहर घाबरते. भनपुरी लिहून मीच चुकले. तिथल्या मजुरांना लोक दारातून परत पाठवून राहिले. राज्याचं नाव लिहू."

अभिनवला ते पटलं. "ठीक है. छत्तीसगड."

मग प्रकार, प्राणी, ठिकाण, क्रमांक आणि साल अशा ठरलेल्या क्रमानं दोघांनी एकच नाव लिहून वर कळवलं. तात्यापाऱ्यातल्या कोंबड्यांचीही तपासणी झाली. एकीतही काही निघालं नाही आणि हुकूम मागे घेतला गेला.

दीक्षा स्वतःच सांगायला गेली. ऐकताच आत्या उंबऱ्यावर मटकन बसली, पदरानं डोळे पुसत राहिली.

"मग नाव काय ठेवलं त्याचं?" तिनं नाक ओढत विचारलं.

दीक्षानं अख्खं नाव म्हणून दाखवलं.

"इतकं लंबं? त्याले हाक कोण मारंल वं!"

दीक्षा हसत सुटली. किती दिवसांनी तिला असं मोकळं हसू आलं होतं.