अप्पांचा भोंगा आणि हर्षलाचा सत्कार

मी भोंगा बोलतोय. चौक गावापासून लोधिवलीपर्यंत माझ्याइतकं बोलणारा दुसरा कोणी दाखवा! आता खरं सांगायचं, तर त्यातला एकही शब्द माझा नाही. बोलतात लोक, मी नुसता ओरडतो.

पत्र्याच्या कारखान्यात जन्मलो, मंडपवाल्या अप्पांच्या घरी पडलो. लग्नं, बारशी, टेनिस बॉलचे सामने, कोणाची म्हैस हरवली, सगळं ओरडलो. मधे दोन वर्षं माळ्यावर धूळ खात होतो, तेव्हा गांधीलमाश्यांनी घशात घर केलं. अजून पडसं झाल्यासारखा बोलतो. खोड मात्र गेली नाही. वक्ता रंगात आला, की कुईऽऽ करून शिट्टी मारतोच.

परवा समाजमंदिरात हर्षलाचा सत्कार होता. गावचीच पोर. पुण्यात चार वर्षं पुरुष होऊन, हर्षल म्हणून राहिली. औषधं घेतली, आवाज जाड झाला. मग तिचं तिलाच उमगलं, की हे आपलं नव्हे, आणि ती पुन्हा हर्षला झाली. "तिच्याकडून चार गोष्टी शिकू," म्हणून अप्पांनी गाव गोळा केला. पुढच्याच रांगेत शैलाकाकू पदर पिळत बसलेल्या. त्यांची मुलगी अपेक्षा महिनाभर म्हणतेय, मला विपुल म्हणा. आईनं काय करावं, एवढंच काकूंना विचारायचं होतं.

पण आधी सत्कार! बाईला खण-नारळ, पुरुषाला शाल-टोपी. धोका नको म्हणून अप्पांनी दोन्ही आणलेलं. डोक्यावर टोपी, ओटीत खण, अशी हर्षला बसली आणि भाषणं सुरू झाली. सरपंच बोलले. आबाजी भाताच्या नव्या बियाण्यावर बोलले. हर्षलाला तेव्हा काय वाटलं असेल, ते प्रत्येकानं तिला सविस्तर समजावून सांगितलं. शेवटी अप्पा म्हणाले, "वेळेअभावी हर्षलाताई आता दोनच शब्दांत..."

मी जीव खाऊन किंचाळलो. अप्पांनी वैतागून माझी वायरच उपटली.

हर्षलानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "तिकडं गेले तवा पुण्यातले बोलले, शाब्बास. परत आले तर तुमी बोलताय, शाब्बास. मधे मला कसं वाटतंय, ते कोणीच विचारलं नाय. मला घाई नडली. समद्यांनाच नडते असं नाय. माझी चूक दुसऱ्याच्या पोराच्या गळ्यात नका बांधू."

जन्मात पहिल्यांदा मी नुसता ऐकत होतो. मला परत माळ्यावर टाका, भंगारात घाला, काही म्हणणं नाही. पण बाबांनो, अधूनमधून अशी वायर उपटत जा!

लोक चहाकडे पळाले. शैलाकाकू तेवढ्या पुढं आल्या. "हर्षला, तू परत आलीस. माझी पण येल ना गं?"

"पोर गेलंय कुठं, काकू? घरातच हाय ना? मग संगती का नाय आणलंत?"