घोडेचोर, संदर्भ हवा

मित्रांनो, तुम्ही मला पुष्कळदा पाहिले असेल, पण थांबून वाचले क्वचितच असेल. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात एखाद्या वाक्याच्या शेवटी कंसात दोन बारीक शब्द असतात, 'संदर्भ हवा'. ती चिठ्ठी म्हणजे मी. मी आता जुनी झाले आहे, पण माझा राग जुना झालेला नाही.

माझा जन्म किर्गिझस्तानातला. कोक-बेलेस खोऱ्यातल्या बेरमेत नावाच्या शाळकरी मुलीने मला जन्म दिला. खोऱ्याच्या पानावर कोणीतरी लिहून ठेवले होते, 'येथील लोक जन्मजात घोडेचोर आहेत.' कोण म्हणाले, कुठे छापून आले, काही पत्ता नाही. बेरमेतने ते पुसले की कोणीतरी परत आणून बसवी. शेवटी चिडून तिने मला त्याच्या शेवटी चिकटवले. मी त्याच्याकडे डोळे वटारून बघत असे आणि ते वाक्य आपले मजेत मिरवत असे.

मग एका वर्तमानपत्राने ते वाक्य उचलून छापले आणि मला मात्र मागेच सोडले. लगेच कोणीतरी तेच वर्तमानपत्र पुरावा म्हणून जोडले आणि मला उपटून फेकले. मी पानाच्या इतिहासात जाऊन पडले. तिथे जुन्या आवृत्त्या साठवलेल्या असतात, सहसा कोणी उघडत नाही. बेरमेतलाही तेव्हा ती जागा ठाऊक नव्हती. मी तिथे दातओठ खात पडून राहिले.

बेरमेत मोठी झाली. शहरातल्या एका मुलाशी तिचे जुळले, आणि मुलाची आई सोनुन तिला कानातले घालायला आली. ते कानात पडले की सोयरीक पक्की. सोबत मुलाचे काका सोवेतबेक होते, शाळा-तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर नान, लोणी, जर्दाळूचा मुरंबा मांडलेला. सोवेतबेकने फोन काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे ते वाक्य वाचले.

"वहिनी, कानातलं जरा जपून काढा हं. ज्ञानकोशात आलंय, पेपरातही आलंय."

सोनुनने कानातल्याची डबी परत पिशवीत ठेवली. बेरमेतचा चेहरा उतरला. माझ्या कंसांचा फास करून त्या माणसाच्या गळ्यात घालावा असे मला वाटले.

सोवेतबेक नानचा तुकडाही न मोडता उठला. त्याने खिसे चाचपले. गाडीची किल्ली नव्हती.

"बघा, मी काय म्हणत होतो?"

"मांस अजून चुलीवर आहे, व्याही," बेरमेतची आई बुरुलचा म्हणाली. "जेवल्याशिवाय पाहुणा निसटू नये म्हणून आमच्याकडे पूर्वी त्याचा घोडा लांब कुरणात नेऊन बांधायचे. आता किल्ली उचलतो."

"ठाऊक आहेत तुमची नाटकं. मी तपासणीला आलो होतो तेव्हा माझाही घोडा असाच पळवला होतात. अख्खा दिवस वाया गेला माझा."

बेरमेतने मान वर केली. मघाशी ते वाक्य ऐकताच तिने फोनवर पानाचा इतिहास उघडला होता, आणि मी तिथूनच सगळे ऐकत होते. वाक्य लिहिणारा आणि मला उपटणारा एकच होता. तोऱ्यात त्याने आपले खरे नावही लावले होते.

"काका, हे 'निरीक्षक सोवेतबेक' तुम्हीच ना? पेपर तर नंतरचा आहे. त्यांनी तुमचंच उतरवलंय."

सोवेतबेकने घाईघाईने आपला फोन खिशात कोंबला. सोनुन त्याच्याकडे बघतच राहिली. "भाऊजी, लोकांनी जेवायला थांबवलं, त्याला तुम्ही चोरी म्हणालात?"

बेरमेतने आधी मला परत माझ्या जागी चिकटवले. मग फोन त्याच्यापुढे धरला. "आता तुमच्याच हातानं पुसा."

त्याने चरफडत बोट टेकवले. मला अजिबात दया आली नाही. वाक्य गेले आणि त्याच्याबरोबर मीही गेले. बुरुलचाने मानाचे मांडीचे हाड सोनुनपुढे ठेवले आणि सोवेतबेकला पोराटोरांच्या वाट्याचा तुकडा वाढला. तो त्याने मुकाट्याने चघळला. त्यानंतर किल्ली मिळाली, आणि कानातले बेरमेतच्या कानात पडले.

मित्रांनो, कोणा गावाबद्दल, कोणा लोकांबद्दल ऐकलेले पुढे ढकलण्याआधी मला शोधा. मी नसेन तर तुम्ही मला चिकटवा. आता मी कायमची पानाच्या इतिहासात राहते. ते वाक्यही तिथेच आहे, माझ्या शेजारी. पुन्हा डोके वर काढायला ते टपलेले असते, आणि मी त्याच्या मानगुटीवरून उठणार नाही.