वरच्या रांगेतले उंदीर

ही गेली त्याला तीन महिने झाले, तेव्हा तिची विद्यार्थिनी संस्थेतून एक कागद घेऊन घरी आली. संस्थेच्या वाचनालयात हिच्या फोटोखाली फलक लावायचा होता. त्यावर शोधनिबंध एकसष्ट, इतर शास्त्रज्ञांनी घेतलेले संदर्भ तीन हजार आठशे आणि खाली पाच महत्त्वाच्या निबंधांची नावं. घरच्या माणसाची सही हवी होती.

मी एसी-फ्रिज दुरुस्त करणारा माणूस. रोगप्रतिकारशक्ती हा शब्द मला लग्नानंतर धड म्हणता येऊ लागला. पण यादीतला पहिला निबंध मी लगेच ओळखला. संदर्भ अकराशे चाळीस. एका औषधाने उंदरांच्या सांध्यांची सूज उतरते, असं त्यात लिहिलेलं होतं, आणि ते चूक होतं.

तो छापून दोन वर्षं झाल्यावर उंदरांच्या खोलीतला एसी बिघडला, म्हणून मला बोलावलं होतं; आमची ओळख झाली ती तेव्हाच. काम झाल्यावर मी रॅकवर हात फिरवला आणि म्हणालो, "मॅडम, तुमचे वरचे उंदीर उन्हाळ्यात राहतात आणि खालचे हिवाळ्यात." फरक चार अंशांचा निघाला. ही तिथेच स्टुलावर बसली. औषध चुकून भलत्याच उंदराला जाऊ नये म्हणून प्रयोगशाळेत औषधाचे सगळे पिंजरे वरच्या रांगेत ठेवले होते, बिनऔषधाचे खाली. पुढे पिंजरे मिसळून तिने प्रयोग पुन्हा केला. सूज औषधाने नाही, उबेने उतरत होती. तसं तिने दोन पानांत लिहून छापलं. त्याला संदर्भ तेवीस. शेवटी आभारात 'वातानुकूलन कारागीर' म्हणून मी आहे. नवऱ्याने लग्नात काय दिलं असं कुणी विचारलं, की ही म्हणायची, "चार अंश."

ती दोन पानं यादीत नव्हती. विद्यार्थिनी खाली बघत म्हणाली, संचालकांच्या मते तेवीसवाला निबंध पहिल्या पाचात शोभत नाही. मी सही केली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. आभारात माझाच उल्लेख. बायकोच्या फलकावर म्हातारा स्वतःची टिमकी वाजवतोय, असं लोक म्हणाले असते, आणि ते अगदीच खोटं नसतं.

तीन दिवसांनी तिचा खण आवरताना एक फाइल सापडली. कुणी जुन्या निबंधाचा आधार घेतला, की ही त्याला पत्र लिहायची: तो चूक आहे, कृपया सोबतची दोन पानं वाचा. अशा दोनशेच्या वर पत्रांच्या प्रती होत्या. ती लिहिते हे मला माहीत होतं, इतकी लिहिते हे नव्हतं. सगळ्यात वरचं पत्र दवाखान्यात असताना लिहिलेलं, तीन ओळींवर थांबलेलं.

दुसऱ्या दिवशी फाइल पिशवीत घालून मी संचालकांकडे गेलो. भला माणूस. चहा मागवला, हिच्याविषयी चांगलं बोलला. मग म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. फलक वाचून कोण शोधत बसणार आहे?"

मी म्हणालो, "मूठ तिनेच उघडली होती, साहेब. आता मिटणारे आपण कोण?"

त्याने कप बाजूला सारून यादी पुढे ओढली. मग म्हणाला, जुना निबंध काढला तर एकूण आकड्यातून अकराशे चाळीस जातील. मी म्हटलं, काढू नका. तो वर राहू द्या, खाली ती दोन पानं घाला, आणि हे तिनेच दुरुस्त केलं एवढं लिहा. आभारातला कारागीर फलकावर नको. संचालकांनी विद्यार्थिनीला बोलावलं, तिने समोरच बसून तसं टाइप केलं. संचालकांनी दोनदा वाचून मान हलवली. मी सही केली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "काका, गेल्या महिन्यात पुन्हा दोघांनी जुनाच संदर्भ दिलाय. मॅडम असत्या तर..."

मी पिशवीतून फाइल काढून तिच्या हातात दिली. तिने ते अर्धं पत्र उभ्याउभ्याच वाचलं, मग माझ्याकडे पेन मागितलं. जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून चौथी ओळ लिहायला लागली.