माठाखालचे बिसखोपरे

"साहेब, मादी तुमच्या धमकीनं मेली!"

वनखात्याच्या कचेरीच्या कोपऱ्यातलं मडकं उघडताच पितांबर ओरडला. आत वाळूवर मादी पडलेली, पोट टम्म फुगून काळंनिळं. शेजारी नर. त्याची कूस अजून हलत होती.

बिसखोपरा म्हणजे जाड शेपटीची, पट्ट्यापट्ट्यांची पाल. विष नावाला नाही, पण सोनगीरकडे दिसला की लोक दगडानं ठेचतात. ही जोडी पितांबरनं ठेचणाऱ्यांच्या हातून सोडवून देवपुरात आणली, पोटच्या पोरांसारखी पाळली. अंडं मात्र एकदाही नाही. हिवाळाभर गारव्यात निजवल्याशिवाय जोडी लागत नाही, हे त्याला फार उशिरा कळलं. यंदा त्यानं आधी खाणं तोडलं, पोटं रिकामी होऊ दिली, मग मडकं माठाखालच्या गार फरशीवर ठेवलं. दोघं निपचित निजली.

पितांबर जनावरं उपाशी मारतो, अशी शेजाऱ्यानं वनखात्याकडे चुगली केली. साहेब जीप घेऊन आले तेव्हा पितांबर दुकानावर होता. साहेबांनी त्याच्या आईलाच, भिकुबाईला, दारात उभं करून झापलं. "मुक्या जीवांना उपाशी मारता? उद्या येतो. अशीच दिसली तर पोराला आत टाकीन."

दुसऱ्या दिवशी आले, जोडी तशीच निपचित दिसली, तसे मडकं घेऊनच गेले. जीपमागं धावत पितांबर बोंबलत होता, "गार जागी ठेवा! हलवू नका!"

तेवढं मात्र साहेबांनी ऐकलं.

आईनं जेवण टाकलं. तिसऱ्या दिवशी तिला राहवेना, पितांबरला म्हणाली, "भाऊ, साहेब दम दी गया, त्याच रातले मी त्यास्ले चुल्हाजोडे ठेवं. ऊब लागताच हालनात, मंग नाकतोडा चारात. तू रागे भरशी म्हनीसन परत माठखाले ठी दिधं. घरमा जीव उपाशी शे, तं मन्हा गयाखाले घास कसा उतरी?"

पितांबरला सगळं कळून चुकलं. भरल्या पोटी गारठा लागला की खाल्लेलं पचत नाही, आतच सडतं. तो तसाच अनवाणी पांझरा नदीचा पूल ओलांडून कचेरीकडे पळत सुटला होता.

"साहेब, आता ऊब द्या. दिव्याखाली ठेवा, हळूहळू."

"परवा गार, आज गरम?" साहेब हसले. "पालींचं लग्न लावतोस की काय रे?"

शिपाई फिदीफिदी हसला.

"लग्नच लावत होतो! नवरी तुम्ही मारली."

"जप्तीचा माल आहे. वरून हुकूम आल्याशिवाय हात लावायचा नाही."

"हुकूम येईस्तोवर हाही आतून सडेल. माझ्या म्हातारीला भेडसावलं, तेव्हा कोणाचा हुकूम होता? गार ठेवा म्हणालो, ते माझं चुकलं. आता गरम करा म्हणतोय. दिवा तुमच्या टेबलावर, बटण तुमच्या हाताशी. तोंडानं सांगा साहेब, लावता की नाही?"