गुहेतल्या नऊ ओळी

पिशवीत पाण्याची बाटली होती, दोन रुमाल, खोकल्याच्या गोळ्यांची अर्धी पट्टी, एक स्वेटर आणि एकशे शहात्तर पानांचं एक पुस्तक. त्यातली तीन पानं सुटी. तपासणीच्या खोलीत धाकट्या बहिणीशेजारी बसून थोरलीने हे सगळं दोनदा मोजलं. दिवसभर पाण्याचे नमुने तपासणारी बाई ती. हात रिकामे राहिले की मोजायला लागायची.

आज खरं तर एकच आकडा हवा होता. एक लिटर. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात धाकटीच्या छातीतून तेवढी हवा बाहेर पडली, तर सर्जन तिच्या फुप्फुसातली गाठ काढणार होते. नाही पडली, तर नाही. "भूल झेपायची नाही," ते म्हणाले होते. मग पुढे काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि दोघी बहिणींनीही विचारलं नाही.

तीनदा फुंकायचं, त्यातला मोठा आकडा धरायचा. पहिल्यांदा ०.९४ आला. दुसऱ्यांदा ०.९७.

"चढतोय की!" यंत्रावरच्या बाई खूश झाल्या. "आता दहा मिनिटं नुसतं बसा. बोलू नका, हलू नका. मी आलेच."

त्या गेल्या तशी धाकटी कुजबुजली, "फुंकाबाईंचा आवाज ऐकलास? फुंका, फुंका, फुंका! त्यांनाच नळीला लावलं तर पाच लिटर निघेल."

"चिंगे, गप्प बस."

"ताई, हात बघ ना माझे."

हात थरथरत होते. थोरलीने ते आपल्या हातांत धरले, तरी थांबेनात.

"गुहा वाच," धाकटी म्हणाली.

"आत्ता?"

"मग कधी, गाठ मोठी झाल्यावर?"

पुस्तकातही दोघी बहिणीच होत्या. थोरलीचा आवाज तळ्याने गिळलेला असतो आणि काळोखाला घाबरणारी धाकटी तो आणायला पाण्याने भरलेल्या गुहेत शिरते. त्या पोहण्याच्या नऊ ओळी होत्या. लहानपणी ताई वाचायची आणि चिंगी त्या नऊ ओळी संपेपर्यंत श्वास रोखून धरायची. तोंड लालबुंद व्हायचं, आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अगं मेले, श्वास घे!" पण चिंगी कधी हरली नाही. परीक्षा असो, दाताचा डॉक्टर असो, आईचे शेवटचे दिवस असोत, भीती वाटली की गुहा. त्यानंतर तिचे हात थांबायचे.

कमी पडत होते तीन शतांश लिटर. म्हणजे दोन मोठे चमचे हवा. एवढं तर धीरानेही भरून निघेल, असं थोरलीला वाटलं. तिने पुस्तक उघडलं.

"पाणी काळं होतं. तिने डोळे मिटले नाहीत..."

धाकटीने गाल फुगवले. तिसऱ्या ओळीला तिच्या मानेच्या शिरा वर आल्या. चौथ्या ओळीला ओठांचा रंग बदलला. थोरलीची नजर खाली धावली आणि तिने थेट शेवटची ओळ वाचली, "...आणि तिचा हात दगडाला लागला. झालं. सोड, सोड श्वास."

धाकटीला खोकल्याची उबळ आली. रुमाल तोंडावर धरून ती बराच वेळ वाकून राहिली. मग म्हणाली, "मासे कुठे गेले?"

"कुठले मासे?"

"आंधळे मासे. सहाव्या ओळीत तिच्या पायांना लागतात ते. तू गाळलेस."

"चिंगे, तुला दम लागलाय."

"तू यापूर्वी कधी गाळलं नव्हतंस, ताई." तिचे डोळे भरले होते, खोकल्याने की कशाने कोण जाणे. "म्हणजे तुलाही वाटतं, मला नाही जमणार. परत वाच. सगळं वाच."

नाही म्हणणं थोरलीच्या जिभेवर आलं होतं. पण या एका गोष्टीला तिने बहिणीला आजवर नाही म्हटलेलं नव्हतं. तिने पुन्हा वाचलं. एकही शब्द न गाळता, पण शक्य तितक्या भराभर.

सहाव्या ओळीत मासे आले. तिथेच धाकटीचा श्वास सुटला.

या वेळची उबळ लांबली. ती थांबल्यावर धाकटी भिंतीला डोकं टेकून बसली. हात आता थरथरत नव्हते. मांडीवर नुसते पडून होते.

"ती पोचली ना गं?" तिने विचारलं.

"कोण?"

"पुस्तकातली."

"पोचली. दर वेळी पोचते ती."

"हं. तिला काय, कोणीतरी लिहिलंय तसं."

दार उघडलं. बाई हात पुसत आत आल्या. "काय, विश्रांती झाली ना? चला, आता लिटरभर काढूच. छाती भरून घ्या. अजून. अजून थोडी."

थोरलीने पुस्तक पिशवीत ठेवलं. बाटली, रुमाल, गोळ्या, स्वेटर. धाकटीने नळी ओठांत धरली आणि एकदा ताईकडे बघितलं.

"फुंका! फुंका, फुंका, फुंका, फुंका!"

यंत्राच्या पडद्यावर रेघ वर चढली, वळली आणि खाली आली. बाईंनी आकडा वाचला.

०.८१ लिटर.