नाव घातलेलं पातेलं

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण गोष्टच त्यांची आहे तर घ्यावं लागेल. पुंजाजी. खामगावात भाऊरावांच्या जर्मनच्या कारखान्यात ते भट्टीवर होते. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. तो मोठा शब्द फक्त भाऊराव बोलायचे, तोही कुणी सरकारी माणूस आला तरच. पुंजाजींचा चेहरा धगीनं काळवंडलेला, आवाज असा की शेजारच्या कोंबडीनं अंडं द्यायचं विसरावं. पण आतून माणूस लोण्याचा. मी त्याच कारखान्यात भांडी घासून चकाकवायला होते, त्यामुळे घरी आणि कामावर, दोन्हीकडे त्यांच्यावर चिडायची माझी सोय होती.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि गिऱ्हाईक आटलं. शिजवायलाच काही नाही तर भांडं कोण घेतं? नव्या धातूच्या लगडी मुंबईहून यायच्या, त्या परवडेनात. आमच्याच रस्त्यावरचा एक कारखाना बंद पडला आणि तिथली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. तेव्हा भाऊरावांनी आम्हा सगळ्यांना भट्टीपुढं बसवलं.

"मी कोणालेच काढनार नाई," ते म्हणाले. "पण आजपासून इथं कायबी वाया जानार नाई."

मग त्यांना काटकसरीचं जे वेड लागलं! दगडी कोळसा बंद. भट्टीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि भुईमुगाची टरफलं. भांडी धुतलेलं पाणी फडक्यातून गाळून पुन्हा भांड्यांनाच. घासायचा भुसा उन्हात वाळवून पुन्हा वापरायचा. ओतताना जमिनीवर सांडलेला धातूचा थेंबसुद्धा झाडून मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, परत. मी एकदा म्हटलं, "भाऊराव, आमचा घामबी गाळून ठेवू काय?" ते हसले नाहीत. खरंच विचार करत उभे राहिले. असा मालक कुणाला मिळतो?

सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे जुनं द्या, नवं घ्या. फुटकं, चेपलेलं भांडं आणायचं आणि त्याच्या बदल्यात नवं पातेलं अगदी स्वस्तात न्यायचं. जुनं आम्ही वितळवायचं आणि साच्यात ओतायचं. लगडी नकोत की मुंबई नको. बाया एस.टी.च्या टपावर पोती टाकून थेट वरवट बकालहून यायला लागल्या. भट्टी धडाडून पेटली आणि आमचा जीव भांड्यात पडला.

आणि इथंच आमच्या लोण्याला धग लागली.

आमच्याकडे लेकीला लग्नात भांडं द्यायचं तर नाव घालून देतात. हातोडी आणि खिळ्यानं, ठिपक्याला ठिपका जोडून. अमकीस वडिलांकडून, तमकीस मामांकडून. गोजरबाई नावाच्या एका म्हातारीनं असं एक पातेलं आणलं. पुंजाजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि मला हाक मारली. मी वाचलं, "चि. गोजरास वडिलांकडून." म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. झालं! पुंजाजींनी ते पातेलं बाजूला ठेवलं, दुपारच्या सुट्टीत पोचे ठोकून काढले, भोकाला ठिगळ मारलं आणि तिला परत दिलं. वर नवंही दिलं.

रात्री मी त्यांना फैलावर घेतलं. "काऊन दिलं परत? वितळवाले आनलं होतं ना तिनं?"

"अवं, मेलेल्या बापाचं नाव हाये त्याच्यावर," ते म्हणाले. "ते मी जाळात कसं टाकू?"

मी भाकरी जरा जोरात आपटली, एवढंच.

गोष्ट एका पातेल्यावर थांबली असती तर बरं होतं. पण पुंजाजी नाव घातलेलं भांडं जाळत नाही, दुरुस्त करून परत देतो, ही बातमी गावोगाव गेली. ज्याच्या-त्याच्या भांड्यावर नाव निघायला लागलं. बाजारात नावं घालणारा कचरू बसायचा. त्या दुष्काळात कुणाचाच धंदा चालत नव्हता, त्याचा मात्र तेजीत. बाया कारखान्यात यायच्या आधी त्याच्याकडे थांबायच्या. त्यांना यात काही लबाडी वाटतच नव्हती. नावाच्या भांड्याचा मान आहे, तर नाव घालून घ्यावं, सरळ हिशोब.

एक दिवस झुंबरबाई एक परात घेऊन आली. त्यावरचे ठिपके इतके ताजे की बोटाला टोचत होते. मी वाचलं, "कै. रामरावांकडून."

"झुंबरबाई," मी म्हटलं, "तुमचा बाप तर आत्ता चौकात बिडी ओढत बसलेला पाह्यला मी!"

"मंग?" ती म्हणाली. "म्हातारा झालाच हाये ना आता."

पुंजाजींनी तिचीही परात ठोकून दिली. म्हणाले, बाप जिता असो नाहीतर मेलेला, नाव ते नाव. अशा माणसाबरोबर मी संसार केला आहे.

मूस अर्धी राहायला लागली. पेटवलेली भट्टी अर्ध्या मुशीसाठी जाळणं म्हणजे पऱ्हाट्या फुकट घालवणं. भाऊरावांच्या ते लक्षात आलं. ते आले, दुरुस्त भांड्यांची रांग पाहिली, एकेक नाव वाचलं.

"आपल्या तालुक्यात एवढे बाप कवा मेले बे, पुंजाजी?"

मला वाटलं, आता वाजणार. पण भाऊराव हळूच म्हणाले, "तुले काय बोलू? माह्या आईच्या नावाचा डबा मीबी घरीच ठेवला." मग मुशीकडं पाहून म्हणाले, "पण शनवारी मूस भरली नाई, तर मले भट्टी विझवा लागते. एकदा विझवली का परत पेटवाची ताकद नाई माह्यात. मंग तुमी सारे खडीवर, अन् मीबी."

शनिवारी पहाटे मी आमच्या घरातलं पातेलं काढलं. मोठं, दोन्ही कानांचं, चांगलं धडधाकट. एक पोचा नव्हता त्याला. त्यावर लिहिलं होतं, "चि. तानाबाईस वडील उकंडाजी यांजकडून." ते डोक्यावर घेऊन मी कारखान्यात गेले. बाया आपापली भांडी घेऊन आधीच बसल्या होत्या. दुरुस्त केलेलं पुन्हा गळायला लागलं म्हणून गोजरबाई आणि झुंबरबाईही आल्या होत्या. मी सरळ भट्टीपुढं गेले.

"हे काय करून राह्यली तू?" पुंजाजी म्हणाले.

"मूस भरून राह्यली."

"तानाबाई, हे तुह्या बापाचं हाये."

"मले ठाव हाये कोनाचं हाये. टाका."

"मी नाई टाकत."

भांडं मुशीत मावायला आधी ठोकून चपटं करावं लागतं. मी घण उचलला. पातेलं पालथं घातलं आणि घण वर नेला, तर खाली येईना. माझे हातच माझं ऐकेनात. सगळ्या बाया बघत होत्या. मला इतका राग आला, माझा, बापाचा, त्या पावसाचा, सगळ्यांचा.

पुंजाजी जवळ आले. घण माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाले, "वाच मंग. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. त्यांनी पातेल्याला हात लावून कपाळाला लावला आणि घण घातला. एकाच घावात ते बसलं. मग चिमट्यात धरून मुशीत सोडलं. जर्मन काही लोखंडासारखं लाल होत नाही. ते नुसतं खचत जातं आणि पाणी होतं.

बायांमध्ये चुळबुळ झाली. गोजरबाई उठली, तेच ठिगळाचं पातेलं घेऊन पुढं आली आणि मला म्हणाली, "माह्यबी वाच, बाई." मग एकेक करून सगळ्या उठल्या. मी नाव वाचायचं, पुंजाजींनी हात लावून घण घालायचा. झुंबरबाईनं आपली परात पुढं केली आणि घाईघाईनं म्हणाली, "माह्यं मनातल्या मनात वाच वं. बुढा जिता हाये अजून." सगळी भट्टी हसली. भाऊराव तर भिंतीला टेकून हसले आणि मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले.

दुपारपर्यंत मूस काठोकाठ भरली.

संध्याकाळी घरी आलो तर शेजारची अन्नपूर्णा दारात उभी. तिची लेक बाळंत झाली होती. अंघोळीचं पाणी तापवायला तिला मोठं पातेलं हवं होतं. आमच्या वस्तीत कुणाकडे काही निघालं की माझंच पातेलं जायचं.

"नाई गं," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला नाही म्हटलं. "वितळवलं आज."

"बापाचं?" तिनं तोंडावर हात ठेवला.

"हाव. लेक उपाशी राहू नाई म्हनूनच दिलं होतं ना त्यानं."

ती गेली. मग मी उंबऱ्यावर बसून रडले. लहान पोरीसारखी, नाक-डोळे पुसायचं भान न ठेवता रडले. पुंजाजी बाजूला येऊन बसले. शेजारच्या कोंबड्या पळवणारा तो आवाज त्यांनी त्या दिवशी अगदी खाली आणला. म्हणाले, "तानाबाई, उद्या भट्टी हाये."

मी पदरानं तोंड पुसलं.

"हाव," मी म्हटलं. "उद्या भट्टी हाये."